आठ ड्रॅगनांचं रिंगण

राजेश्वरी भाजी घेऊन परत आली तेव्हा फाटक सताड उघडं होतं. जाताना तिने कुलूप लावलं होतं, नक्की लावलं होतं. आता ते कडीला लोंबत होतं आणि स्वयंपाकघरात कॉफीच्या डब्यामागे लपवलेली जादा किल्ली त्यातच खुपसलेली होती. डबे लपवणं हा जिचा छंद, तिला अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासऱ्यापासून एक किल्ली लपवता येऊ नये!

"मामंजी?" तिने ओसरीवरूनच हाक मारली. उत्तर आलं नाही. मग तिने न्हाणीघर पाहिलं, माडी पाहिली, मागचं अंगण पाहिलं आणि शेवटी विहिरीत डोकावली. पाणी शांत होतं, त्यात एक चिंचेचं पान तरंगत होतं. पलंगावरची चादर घडी करून ठेवलेली होती. खुंटीवरचं उपरणं नव्हतं, चपला नव्हत्या, कापडी पिशवी नव्हती. मोबाइल मात्र जागच्या जागी होता, चार्जरला लावलेला, पूर्ण भरलेला.

"काय उपयोग तुझा?" ती त्या फोनवरच ओरडली. राग आला की तिची भीती जरा कमी व्हायची, म्हणून ती नेहमी आधी रागावून घ्यायची.

भीतीला कारण होतं. मागच्या कार्तिकात मामंजी, म्हणजे विजयराघव, गावातल्या सारंगपाणीच्या देवळात गेले, दुसऱ्याच दाराने बाहेर पडले आणि चालत सुटले. संध्याकाळी एका रिक्षावाल्याने त्यांना शेजारच्या दारासुरम गावातून आणून सोडलं. पाय सुजलेले, ओठ कोरडे, आणि विचारलं तर म्हणे, "रस्ता ओळखीचा वाटला म्हणून गेलों." त्यांची मुलगी जयलक्ष्मी दुसऱ्याच दिवशी चेन्नईहून धावत आली. कोइंबतूरला वृद्धांसाठी एक चांगली जागा आहे, तिथे डॉक्टर असतात, पहारा असतो, असं तिने सांगितलं. अर्जही भरून ठेवला. "वहिनी, पुन्हा एकदा असं झालं की मी अप्पांना घेऊन जाणार. मग कुणी आडवं यायचं नाही." राजेश्वरीचा नवरा प्रद्युम्न दोहाला नोकरीत, तो फोनवर नुसता हूं हूं करत राहिला. आणि राजेश्वरीने मान डोलावली होती. ही मान डोलावल्याची गोष्ट ती कुणाला सांगत नसे.

त्या दिवसापासून फाटकाला कुलूप आलं. चाळीस वर्षं बँकेत काम केलेला, कुंभकोणमच्या अर्ध्या मराठी घरांत वास्तुशांतीची आणि नवग्रहांची मंडलं मांडून दिलेला माणूस, तो आता आपल्याच ओसरीवरून गजांतून रस्ता पाहत बसे. तक्रार ते करत नसत. त्यांनी एकदा तरी भांडावं असं राजेश्वरीला फार वाटे.

साडेनऊ वाजले होते. सकाळी सातला त्यांनी मधुमेहाची गोळी घेतली होती, आठला दोन इडल्या खाल्ल्या होत्या. साडेबाराच्या आत पोटात काही गेलं नाही तर त्यांचे हात थरथरायला लागत, घाम फुटे आणि बोलणं तुटक होई. म्हणजे तिच्या हातात तीन तास होते. कोइंबतूरचं नंतर पाहू, आधी हे तीन तास.

ती ओसरीतून आत आली आणि तिची नजर प्रिंटरवर गेली. ट्रे रिकामा होता. रात्री तिने छापलेला कागद तिथे नव्हता.

या कागदाबद्दल सांगायला हवं. राजेश्वरी एका महाविद्यालयात संगणक शिकवायची, आणि उरलेल्या वेळात जिओकॅशिंग नावाचा खेळ खेळायची. मोठी झालेली, शिकलीसवरलेली माणसं एका डबीत छोटी वही घालून ती कुठेतरी लपवतात, तिचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकतात आणि जगातली दुसरी तशीच माणसं फोन हातात धरून ती शोधत येतात. डबी सापडली की वहीत सही करायची आणि डबी होती तिथे परत ठेवायची. बस्स, एवढंच. बक्षीस नाही, काही नाही. काही वेळा अक्षांश-रेखांश सरळ न देता कोडं घालतात. राजेश्वरी दोन महिने असंच एक कोडं रचत होती, जगभरच्या लोककथांतल्या ड्रॅगनांचं. कागदाच्या मधोमध शोभेसाठी होकायंत्र काढलेलं, त्याच्या आठ दिशांना आठ ड्रॅगन, आणि प्रत्येकाच्या पोटात एकेक प्रश्न. चीनच्या राजघराण्याच्या ड्रॅगनला एका पंजात नखं किती? पाच. जपानच्या ड्रॅगनला किती? तीन. फिलिपिन्समध्ये एक समुद्रसर्प आकाशातले सात चंद्र एकेक करून गिळत सुटला, तर शेवटी लोकांना किती उरले? एक, आपल्याला रोज दिसतो तो. अशी आठ उत्तरं, म्हणजे आठ आकडे. पहिले चार अक्षांशातल्या रिकाम्या जागांत भरायचे, उरलेले चार रेखांशात, की जागा मिळाली.

ही डबी तिने रेल्वे स्टेशनाजवळच्या एका जुन्या कुंपणाच्या खांबात ठेवली होती. चेन्नईच्या दोघांनी आणि बंगळूरच्या एकीने कोडं घरबसल्या सोडवून पाहिलं होतं. तिघांचंही उत्तर बरोबर आलं होतं.

"कागद घेऊन गेलेत," ती मोठ्याने म्हणाली. "शोधायला गेलेत!" स्टेशन. गाड्या. रूळ.

स्कूटर काढून ती स्टेशनाकडे कशी पोचली हे तिला नंतर आठवेना. कुंपणाचा खांब जागेवर होता. आतली डबी तशीच, वही कोरी. खांबाच्या चार पावलांवर एक बाई मोगऱ्याचे गजरे घेऊन बसली होती. राजेश्वरीने तिला तमिळमध्ये विचारलं, उंच, गोरे, कपाळावर उभी काळी रेघ, पांढरं उपरणं, असं कुणी आलं होतं का?

"सकाळी सहापासून बसले आहे," बाई म्हणाली. "इथे कुणी थांबलं नाही."

फलाटावर चौकशी केली. मघाशीच मयिलादुतुरैकडे जाणारी गाडी गेली होती. तिकीट खिडकीवरच्या माणसाने खांदे उडवले, त्याने तरी काय करावं, म्हातारी माणसं दिवसाला शंभर येतात. ती फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. प्रत्येक पांढऱ्या उपरण्याशी जाऊन चेहरा पाहिला. एका आजोबांनी तर तिला आशीर्वादही दिला.

तेवढ्यात फोन वाजला. जयलक्ष्मी.

"वहिनी, अप्पा फोन उचलत नाहीत."

"आंघोळीला गेलेत," राजेश्वरी म्हणाली.

"आत्ता? साडेदहाला?"

"आज डोक्यावरून घेतोय म्हणाले." नेमकी मागे गाडीची शिट्टी झाली. राजेश्वरीने पटकन फोन छातीशी दाबला, मग पुन्हा कानाला लावला.

"तुम्ही कुठे आहात?"

"भाजीला. करते मी तुला नंतर." आणि तिने फोन कट केला. खोटं बोलण्याची तिला सवय नव्हती. जयलक्ष्मी मूर्ख नव्हती. तासाभरात ती पुन्हा फोन करणार, आणि तेव्हा खरं सांगावंच लागणार. आणि खरं काय होतं? कार्तिकात झालं तेच पुन्हा झालं होतं. कोडं कसलं सोडवतात! कागदावरची चित्रं आवडली, पिशवीत टाकला, किल्ली सापडली, निघाले आणि कुठेतरी रस्ता ओळखीचा वाटला.

पोलिसांत जायचं तर फोटो हवा. म्हणून ती घरी परतली. मामंजींचा अलीकडचा फोटो देवघरातल्या कोनाड्यात होता. गेल्या माघात मध्वनवमीच्या उत्सवात काढलेला. चपला काढून ती आत गेली आणि थबकली.

देवासमोर पाट मांडलेला होता. पाटावर मधोमध पाण्याने भरलेला तांब्या, आणि त्याच्याभोवती तांदळाच्या आठ ढिगल्या, अगदी नीट, आठ दिशांना. वास्तुशांतीला मामंजी मांडत तशाच. पण वास्तुशांतीला प्रत्येक ढिगलीवर एक सुपारी असते. इथे घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या सुपाऱ्या संपवल्या होत्या. एकीवर सात, एकीवर दोन, एकीवर पाच.

राजेश्वरी खाली बसली. उत्तरेच्या भिंतीकडच्या ढिगलीवर सात. हंगेरीच्या ड्रॅगनची सात डोकी. ईशान्येला दोन, युरोपातल्या ढालींवर काढतात त्या वायव्हर्न नावाच्या ड्रॅगनचे पाय. पूर्वेला पाच, चीन. आग्नेयेला चार, कोरियाच्या ड्रॅगनची नखं. दक्षिणेला तीन, जपान. नैर्ऋत्येला एकटी सुपारी, उरलेला चंद्र. पश्चिमेला सहा. रशियन गोष्टींत पुलाखालून एकामागून एक सर्प येतात, तीन डोक्यांचा, मग दुसरा एक, मग नऊ डोक्यांचा, बारा डोक्यांचा. तीन आणि नऊच्या मधला किती डोक्यांचा, असा तिने घातलेला प्रश्न. वायव्येला दोन, वेल्समधल्या टेकडीखाली झुंजणारे दोन ड्रॅगन, एक लाल आणि एक पांढरा.

आठच्या आठ बरोबर होती.

तिने पुन्हा मोजून पाहिलं. मग ती रडायलाच लागली, कारण आता तिला कळलं की ही उत्तरं मामंजींना कुठून मिळाली. दोन महिने रोज संध्याकाळी भाजी चिरता चिरता ती त्यांना हे ड्रॅगन सांगत होती. ऐकायला घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून. ते खुर्चीत डोळे मिटून बसलेले असत, मध्येच मान कलंडे, आणि तिला वाटे की झोपले. सांगितलेलं एका कानाने शिरतं आणि दुसऱ्याने निघतं असंच ती धरून चालली होती. त्यांना कोरियाची चार नखंसुद्धा आठवत होती! तिला स्वतःला ती आठवायला वेबसाइट उघडावी लागली होती.

मग कोडं सुटलं होतं, तर माणूस स्टेशनाजवळ का नव्हता?

तिने डोळे पुसून पाटाकडे नीट पाहिलं. पूर्वेच्या ढिगलीवर, पाच सुपाऱ्यांच्या वर, एक लाल जास्वंद होतं. बाकी कुठल्याच ढिगलीवर फूल नव्हतं. मंडल मांडताना पहिलं फूल कुठे वाहतात? राजेश्वरीने लग्नानंतर वीस वर्षं त्यांच्या हाताखाली तबक धरलं होतं. आधी पूर्व, इंद्र. मग अग्नी, मग यम, आणि तसंच फिरत फिरत ईशान्येला येऊन संपवायचं. उत्तरेपासून कुणी सुरुवात करतं का? पूजेला बसलेल्या माणसाला हे सांगावंही लागत नाही. तिने मात्र वरपासून सुरुवात धरली होती, घड्याळ बाराला सुरू होतं तशी, आणि चेन्नई-बंगळूरच्या तिघांनीही तशीच धरली होती.

तिने फोन काढला आणि आकडे पूर्वेपासून टाकले. पाच, चार, तीन, एक. मग सहा, दोन, सात, दोन. नकाशा सरकला, स्टेशन मागे पडलं, गाव मागे पडलं, आणि निळी खूण नाचियार्कोविल गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून येऊन थांबली.

सव्वाअकरा झाले होते. तिने साखरेचा पुडा आणि पाण्याची बाटली डिकीत टाकली आणि निघाली.

नाचियार्कोविलच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना भात कापून झालं होतं आणि खुंटांमध्ये उडीद वर आला होता. लोकांनी निम्म्या रस्त्यावर पेंढा वाळत घातला होता, त्यावरून स्कूटर घसरत होती, आणि राजेश्वरी पेंढ्याला, बसला, पुढच्या ट्रॅक्टरला मनातल्या मनात शिव्या घालत होती. मनात दुसरीच धाकधूक होती. ते पोचले असतील का? बरोबर बसमध्ये बसणं, बरोबर ठिकाणी उतरणं, एवढं सगळं सुपाऱ्या मांडण्याइतकं सोपं नाही. आणि पोचले असले तरी तिथे डबी नाहीच. नसलेली डबी शोधत ते किती वेळ उन्हात फिरतील? कुठल्या बांधावर जातील? तिने वेग वाढवला.

खूण जिथे होती तिथे पत्र्याची एक मोठी शेड निघाली. पितळी समया घडवणाऱ्यांचा कारखाना. अंगणात ओतीव काम करण्याच्या मातीचे ढीग होते, पण ते सगळे विस्कटलेले. रिकाम्या खोक्यांची चळत पाडलेली. दोन कारागीर एक भलंमोठं पिंप तिरकं करून त्याखाली बघत होते. आणि शेडच्या सावलीत, लाकडी बाकावर, मांडीवर तिचा ड्रॅगनांचा कागद घेऊन विजयराघव बसले होते. शेजारी स्टीलचा छोटा डबा, धुऊन पालथा घातलेला.

राजेश्वरीचा जीव भांड्यात पडला. तिने घाईघाईत लावलेली स्कूटर नीट लागली नाही, कलंडली, आणि त्या आवाजाने सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आलीस का?" मामंजी म्हणाले. "ये, बैस. पेटी सांपडली नाहीं गे. सकाळपासून हुडकतों."

"मामंजी, खाल्लंत का काही?"

"दहीभात बांधून आणलों होतों. दुपारची गोळी हे बघ, खिशांत आहे. बारा वाजूं देत." त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि बाकावर सरकून जागा केली. "तूं पाणी पी आधी. घाम केवढा आला आहे."

कारखान्याचा मालक चंद्रमौली हात पुसत पुढे आला. पन्नाशीचा, बोलका माणूस. त्याने तमिळमध्ये जी हकीकत सांगितली ती अशी. नऊच्या बसने हे आजोबा अगदी दारात उतरले, कंडक्टरला शिट्टी मारायला लावून. आले आणि वाकून वाकून समयांखाली बघायला लागले. चंद्रमौलीला वाटलं, कुठल्या तरी खात्याचे अधिकारी तपासणीला आले. त्याचं धाबंच दणाणलं. मग आजोबांनी कागद दाखवला. इथे एक डबी लपवली आहे, माझ्या सुनेने लपवली आहे, म्हणाले. "माझ्या कारखान्यात, मला न विचारता!" चंद्रमौली म्हणाला. "मग आम्हीही शोधायला लागलो, अम्मा. दोन तास झाले. एक ओतकाम राहिलं. पण चंद्र गिळणाऱ्याची गोष्ट त्यांनी फार छान सांगितली. आमच्याकडे राहू गिळतो, पण तो एकच चंद्र पुन्हा पुन्हा गिळतो आणि सोडून देतो. त्यांचा सर्प पक्का दिसतो."

राजेश्वरीने त्याची हात जोडून माफी मागितली. डबी इथे नाहीच, स्टेशनाजवळ आहे, असं सांगितलं. पिंप धरलेल्या दोघांनी ते धाडकन खाली ठेवलं. विजयराघवांचा चेहरा पडला.

"स्टेशनाजवळ? म्हणजे मी चुकलों?"

"उत्तरं सगळी बरोबर आहेत," ती घाईने म्हणाली. "तुम्ही पूर्वेपासून मोजलंत. मी उत्तरेपासून धरलं होतं."

"उत्तरेपासून?" ते खरोखरच चकित झाले. "कशाकरितां?"

"ते... वर असतं ना ते. कागदावर."

"वर असतं म्हणून?" त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला. मागून पाहिला, पुढून पाहिला. "कोठें लिहिली आहेस? उत्तरेपासून आरंभ करा म्हणून?"

राजेश्वरीने कागद घेतला. आठ ड्रॅगन, आठ प्रश्न, खाली सूचना, सूचनेखाली तिचं नाव. सुरुवात कुठून करायची हे तिने कुठेच लिहिलं नव्हतं. दोन महिने घासूनपुसून केलेलं काम, तिघांनी तपासलेलं, आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांनी तीच सुरुवात धरली होती.

"नाही लिहिलं," ती म्हणाली. "माझी चूक."

"मग मी चुकलों नाहीं," विजयराघव म्हणाले. समाधानाने त्यांनी उपरणं खांद्यावर नीट केलं. चंद्रमौलीलाही त्यांनी हे तमिळमध्ये समजावून सांगितलं, आणि चंद्रमौलीने राजेश्वरीकडे असं पाहिलं की ओतकाम बुडाल्याचा सगळा दोष आता तिच्याच माथी आला.

फोन वाजला. जयलक्ष्मी. या वेळी राजेश्वरीने खोटं बोलायचं नाही असं ठरवलं. स्पीकर लावला आणि सगळं सांगितलं. फाटक, स्टेशन, आंघोळीची थाप, पाट, सुपाऱ्या, नाचियार्कोविल.

"म्हणजे अप्पा पुन्हा न सांगता गेले," जयलक्ष्मी म्हणाली. तिचा आवाज कापत होता. रागाने की भीतीने, तिलाही कळलं नसावं. "सुपाऱ्या बरोबर मांडल्या म्हणून काय झालं, वहिनी? तुम्हाला कळलं नसतं तर? अप्पा, तुम्ही घरीं एक चिठ्ठी ठेवूं शकला नाहीत?"

"चिठ्ठी कशाला?" विजयराघव फोनकडे वाकून म्हणाले. "पाटावर सगळं मांडून आलों होतों. राजेश्वरीस कळावं म्हणूनच. मज मोजायला पाट कशाला पाहिजे गे, तें डोक्यांतच झालं होतं. सतीशकुमारच्या झेरॉक्स दुकानांत आंकडे दिलों, तो नकाशा काढून दिला. पाट मांडलों तो हिच्याकरितां."

राजेश्वरी त्यांच्याकडे पाहतच राहिली. पाटावरचं ते त्यांचं गणित आहे, घाईत तसंच राहिलेलं, असं ती समजून चालली होती.

"पण चिठ्ठी सोपी होती ना, अप्पा," जयलक्ष्मी म्हणाली. "दोन ओळी."

"चिठ्ठी लिहिलों असतों तर मी कोठें गेलों तें तुम्हांस कळलं असतं." बोलताना ते फोनकडे पाहत नव्हते, राजेश्वरीकडेही नाही, समोरच्या विस्कटलेल्या मातीकडे पाहत होते. "मज अजून येतं, तें कळलं नसतं."

शेडमध्ये कुणीतरी कानस घासत होतं ते थांबलं, त्याला मराठी कळत नव्हती तरी. राजेश्वरीला इतकी लाज वाटली की तिने मान खाली घातली. कार्तिकात डोलावलेली मान तिला आठवली. ती त्यांनी पाहिली होती का, हे विचारण्याची तिची छाती झाली नाही. तिने नुसता त्यांचा हात हातात घेतला. हात कोरडा होता, अजिबात थरथरत नव्हता.

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. "कोइंबतूरचा अर्ज राहूं दे आत्ता," जयलक्ष्मी म्हणाली. "मी पुढच्या रविवारी येते. अप्पा, मला पण घाला ते कोडं."

"घालितों," विजयराघव म्हणाले. "पण सुरुवात कोठून तें सांगणार नाहीं."

बारा वाजता त्यांनी गोळी घेतली, चंद्रमौलीच्या घरून आलेलं ताक प्यायलं, आणि राजेश्वरीने सगळी माती, सगळी खोकी कारागिरांबरोबर जागेवर लावली. मग ती स्कूटरकडे वळली. "चला मामंजी, मागे बसा. हळू चालवते."

"स्कूटरवर नको. मी बसनें येतों."

"उन्हात कशाला उभं राहता?"

"साडेबाराची बस आहे. जाण्यायेण्याचं सगळं मी ठरवून आलों आहे." त्यांनी छातीवरचा खिसा थोपटला. परतीच्या भाड्याचे सुटे पैसे त्यात वाजले. "अर्धंच केलों तर काय उपयोग?"

नाही म्हणणं अगदी ओठांवर आलं होतं. राजेश्वरीने ते गिळलं. दोघं रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या पेंढ्याशेजारी उभी राहिली. बस वेळेवर आली, जरा जास्तच जोरात. विजयराघवांनी हात दाखवला, दांडीला धरून दोन पायऱ्या चढले आणि डाव्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसले. कंडक्टर दारातच उभा होता. यांना कुंभकोणमला नीट उतरवा, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? ती काही बोलली नाही. कंडक्टरने शिट्टी फुंकली. खिडकीतून विजयराघवांनी तिला हात केला, जसा कुणीही बसमधला माणूस करतो, आणि मग ते कंडक्टरकडे वळून सुटे पैसे काढायला लागले.